भोंग्याच्या पुढच्या चार ओळी

भरल्या सभागृहात, एका रॅपरचं कडवं निम्म्यावर आलेलं असताना, मी खुर्चीतून उठून ‘वन्स मोअर’ असं ओरडलो.

ते कडवं तो मुलगा तिथल्या तिथे, उभ्या उभ्या रचत होता. ते आधी कधी कोणी ऐकलं नव्हतं आणि नंतर कोणाला ऐकायला मिळणार नव्हतं. हे खचाखच भरलेल्या सभागृहातल्या झाडून सगळ्या पोरांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते मंचावर त्याच्या शेजारी बसलेल्या मुलाखतकाराला, म्हणजे मला. आणि पहिल्या दोन रांगांत मफलर गुंडाळून बसलेल्या आमच्या मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांना. त्यांनी मला लगेच साथ दिली. दहा-बारा खणखणीत म्हातारे आवाज एकदम उठले, ‘वन्स मोअर! वन्स मोअर!’ आणि कडवं जागच्या जागी मेलं.

आता मुळापासून सांगतो. मुळापासून सांगणं ही माझी खोडच आहे, ते पुढे येईलच.

मी वीज खात्यातून निवृत्त झालेला माणूस. राहायला मदन महलला. आमच्या जबलपूरच्या मराठी मंडळात गेली वीसेक वर्षं प्रकट मुलाखत हा कार्यक्रम माझ्याकडे आहे. तो मला कोणी दिला असं नाही. एकदा माईक हातात आला, तो मी परत केला नाही, इतकंच. वैद्य, कीर्तनकार, गिर्यारोहक, मधमाश्या पाळणाऱ्या एक बाई, अशा अनेकांना मी बोलतं केलं. निदान माझी तशी समजूत होती.

यंदा मंडळाच्या बैठकीत सचिव म्हणाले, “तरुण पिढी येतच नाही हो. त्यांच्यासाठी काही तरी करा.” मी घरी येऊन जेवताना लेकीला विचारलं. लेक कॉलेजात आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलताना दर दुसऱ्या वाक्याला ती हिंदीत उतरते.

“गढ़ावाले भैया को बुलाओ ना,” ती म्हणाली. “आपलेच आहेत. घरी मराठी बोलतात.”

“काय करतात?”

“रॅप. हिप-हॉप.”

“अच्छा. ते हातवारे करून भांडतात, ते?”

तिने चमचा खाली ठेवला. मग तिने मला पंधरा मिनिटं सगळं नीट समजावलं. की हा मुलगा मूळ विदर्भातल्या घरचा, जन्म इथलाच, गढ़ा मोहल्ल्यातला. गाणी हिंदीत, पण मधूनच घरातली मराठी येते, आणि पार अधारताल भागातली पोरं, ज्यांना मराठीचा गंध नाही, तीसुद्धा त्याच्याबरोबर ‘काहून!’, म्हणजे वऱ्हाडीत ‘का!’, म्हणून गर्जतात. की प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी एक स्टीलचा डबा लोकांत फिरतो. ज्याला वाटेल त्याने चिठ्ठीवर एक शब्द लिहून टाकायचा. तो एकच चिठ्ठी काढतो आणि त्या शब्दावर तिथेच आठ ओळी रचतो. तेवढा वेळ सगळ्यांचे फोन खिशात. टाळी नाही, वाहवा नाही. ऐकणाऱ्यांनी फक्त दोन बोटं गुडघ्यावर नाहीतर खुर्चीवर वाजवायची, टक-टक, टक-टक. आठवी ओळ संपली की मग छत उडालं तरी चालेल.

हे सगळं तिने मला सांगितलं होतं, याची कबुली मी इथे देतो. फक्त ती सांगत असताना, माझ्या तरुणपणी एका गवयाने एकच पद तीन वेळा वन्स मोअर घेऊन कसं म्हटलं होतं, हे मी तिला सांगत होतो. दोघंही एकाच वेळी बोलत होतो. तिचा आवाज बारीक आहे.

कार्यक्रमाला तोबा गर्दी झाली. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा बाहेर चपला ठेवायला जागा उरली नाही. पाहुणा आला तो साधा शर्ट, साधी पँट. पंचविशीचा, शांत. मी त्याला शाल-श्रीफळ दिलं. त्या नारळाचं काय करायचं ते त्याला कळेना, म्हणून त्याने तो मुलाखत संपेपर्यंत मांडीवर धरून ठेवला.

माझी मुलाखतीची पद्धत अशी. पाहुण्याचं बालपण मला जसं दिसतं तसं आधी मीच उभं करतो. मग त्याला दोन-तीन उत्तरं सुचवतो. त्यांतलं मला आवडलेलं निवडतो. आणि ते त्याने दिल्याबद्दल त्याचं अभिनंदन करतो. त्या दिवशी माझा पहिला प्रश्न होता, “बालपणीचे संस्कार, घरातली ग्रंथसंपदा, कानावर पडलेली लोकगीतं, ही सगळी शिदोरी घेऊन आपण निघालात, तेव्हा या काव्यगंगेचा उगम नेमका कुठे झाला असं आपणास वाटतं?”

तो म्हणाला, “घरी एक रेडिओ होता काका. तो पण बंद.”

पोरं खदाखदा हसली. मी म्हणालो, “म्हणजे पाहा, अभावातूनच भाव!” आणि स्वतःवर बेहद्द खूश होऊन पुढच्या प्रश्नाला गेलो.

“आणि वडील?”

“पप्पा बोलाचं काम—”

“वक्ते!” मी टाळी वाजवली. “वक्तृत्वाचा वारसा घरातच!”

तो काही तरी म्हणायला तोंड उघडत होता. पण तोवर मी वक्तृत्वाच्या परंपरेवर पोचलो होतो, आणि तिथून मला परत आणणं सोपं नसतं. सहाव्या रांगेत माझी लेक दोन्ही हातांनी कपाळ धरून बसलेली मला दिसली. मला वाटलं, थंडीने डोकं धरलंय.

मग डबा फिरला. त्याने नारळ बाजूला ठेवला, चिठ्ठी काढली, वाचली. वाचून किंचित थांबला. “भोंगा,” तो माईकवर म्हणाला. सभागृहात खसखस पिकली. त्याने फोनवरून ताल लावला, आणि बघता बघता शेकडो बोटं खुर्च्यांवर वाजू लागली. माझ्या अंगावर खरंच काटा आला. पावसाचे थेंब पत्र्यावर पडावेत तसा तो आवाज होता. मी मात्र तो संयोजनातला ढिसाळपणा समजून पोरांना हाताने ‘शांत बसा’ अशी खूण केली. कोणी बघितलं नाही.

तो म्हणू लागला,

‘भोंगा चढ़ा छत पे, छत से आया गली में,
चाय ठंडी हो गई सबकी इसकी खलबली में.
विचारलं तर म्हणते, “मी कुठं बोलून राहिलो?”
मोहल्ला सारा जागा, अन् म्हणते, “झोपून राहिलो!”’

मला तुफान आवडलं. काय तो बडबड्या माणूस उभा केला होता! आमच्या मंडळात असे तीन-चार आहेत. एकेकाचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि माझ्याच्याने राहवेना. आमच्याकडे दाद देण्याची सर्वांत वरची पायरी जी आहे ती मी चढलो. उठून उभा राहिलो आणि ओरडलो.

बोटं थांबली. फोनमधला ताल मात्र एकटाच वाजत राहिला. त्याने तो बंद केला.

“काका,” तो हसून म्हणाला, “वन्स मोअर कुठून आणू? आत्ता बनलं अन् आत्ता गेलं.”

“असं कसं? पुन्हा पहिल्यापासून घ्या!” मी म्हणालो. समोरून ज्येष्ठ म्हणाले, “हो, हो, पहिल्यापासून!”

त्याने प्रयत्न केला, हे त्याचं मोठेपण. पहिली ओळ आली, दुसरी आली, तिसरीत शब्द इकडचे तिकडे झाले. मान हलवून तो थांबला, ‘माफ करा’ म्हणाला, आणि एक तयार गाणं म्हणून त्याने कार्यक्रम संपवला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, पण लग्नात चुकीच्या मांडवात जेवून आल्यावर होतात तसे त्यांचे चेहरे होते. मी आभारप्रदर्शन केलं. तेवढं बरं झालं होतं.

घरी जाताना स्कूटरवर लेक मागे बसली होती. मीच विचारलं, “कसा झाला कार्यक्रम?”

“वो चिठ्ठी मेरी थी, पप्पा.”

मी स्कूटर बाजूला घेतली.

दोन वर्षांपासून ती त्याच्या प्रत्येक कार्यक्रमाला जात होती. दर वेळी एक चिठ्ठी टाकत होती. दर वेळी दुसऱ्या कोणाची तरी निघत होती. आज पहिल्यांदा तिची निघाली.

“मग? म्हटलं की त्याने तुझ्या शब्दावर!”

“अर्धं म्हटलं. चार ओळी. आठ असतात. पहिल्या चारमध्ये भैया चिडवतात. पुढच्या चारमध्ये पलटवतात. जिसका मज़ाक उड़ाया, उसी को ऐसा दिखाते हैं कि रडू येतं. मला त्या पुढच्या चारच पाहिजे होत्या. भोंग्याचं ते काय करतात, ते बघायचं होतं मला. अब कभी पता नहीं चलेगा.”

“पण भोंगाच का लिहिलंस? असा कोण भोंगा तुझ्या ओळखीत—”

प्रश्न पुरा व्हायच्या आत मला उत्तर कळलं. माझ्या मुलाखतीच्या कारकिर्दीत असं पहिल्यांदाच झालं.

पुढचे आठ दिवस ती माझ्याशी फक्त माहितीपुरतं बोलली. “गॅस आला.” “दूध संपलं.” “तुमचा चष्मा फ्रिजवर आहे.” जेवताना मी काही सांगायला लागलो की तिची दोन बोटं टेबलावर हळूच वाजायला लागायची, टक-टक. ती मला दाद नव्हती, एवढं मला आता समजत होतं. ती त्या राहिलेल्या चार ओळी शोधत होती. बायको म्हणाली, “तुम्हीच तोडलं, तुम्हीच जोडून आणा.”

मी गढ़्याच्या त्या मुलाला फोन केला. वीस मिनिटं मी माफी मागितली. त्यात मराठी रंगभूमीवरच्या वन्स मोअरच्या प्रथेचाही थोडक्यात परामर्श घेतला. शेवटी त्याला विनंती केली, की त्या चार ओळी तेवढ्या सांगा, पोरगी जेवत नाही. (ती व्यवस्थित जेवत होती.)

तो म्हणाला, “ओळी तर गेल्या काका. खरंच आठवत नाहीत. पण चिठ्ठीवालीला घेऊन या रविवारी. तिला काय विचाराचं ते विचारू द्या.” आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, “तिलाच विचारू द्या हं.”

रविवारी सकाळी आम्ही गढ़्यात पोचलो. गल्ली इतकी अरुंद की स्कूटर नाक्यावरच्या किराणा दुकानापाशी लावावी लागली. दोन खोल्यांचं घर, भिंतीला निळा रंग. त्याच्या आईने दारातच “जय भीम, या या” म्हणत लेकीचा हात धरला. वडील खिडकीशी दिवाणावर बसले होते. साठीपुढचे, हडकुळे, गळ्याला मफलर. मी नमस्कार केला. त्यांनी हात जोडले, बोलले काही नाहीत. मला वाटलं, ऐकू कमी येत असेल, म्हणून दुसरा नमस्कार मी जरा मोठ्याने केला. ते किंचित दचकले. पुन्हा हात जोडले.

लेकीने आपला फोन काढला, आवाज टिपायला सुरू केला आणि माझ्या हातात दिला. “पप्पा, हा भैयाच्या जवळ धरा. हलवू नका. आणि एक लक्षात ठेवा, फोन तुमच्या हातात आहे, तर तुमचा आवाज सगळ्यांत मोठा येईल.”

मी माझ्या पिशवीतली फाइल चाचपली. त्यात चाळीस प्रश्न होते. तिच्या हातात बसच्या तिकिटाएवढा एक कागद.

“पहिली ओळ कुठं लिहिली?” तिने विचारलं.

बस, एवढंच. मला तिची दया आली. प्रश्नाला ना शेंडा ना बुडखा. पाहुण्याला काही आधारच नाही.

“इथंच,” तो म्हणाला.

मी वाट बघत होतो की ती आता दुसरा प्रश्न विचारेल. तिने विचारला नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहिली. खोलीत शांतता पसरली. अशी शांतता माझ्या मुलाखतीत पसरली असती तर मी तीत अर्धं भाषण बसवलं असतं. माझ्या जिभेवर ‘म्हणजे या घरातल्या भिंतींनी’ हे शब्द येऊन उभे होते. मी फोनकडे बघितलं आणि ते गिळले.

“म्हणजे, इथं नाही,” तो स्वतःच म्हणाला. “बाहेर, पायरीवर. आत लिहिलं असतं तर आईनं पाहिलं असतं. मी आठवीत नापास झालो होतो, अन् तेच लिहून राहिलो होतो.” आणि तो बोलू लागला. दहा मिनिटं तो पायरीबद्दल बोलला. मी वीस वर्षांत एकाही पाहुण्याला सलग दहा मिनिटं बोलू दिलेलं नाही.

लेक असंच करत गेली. एका ओळीचा प्रश्न, मग थांबणं. तो अडला तर ती शब्द पुरवत नव्हती. नजर मात्र काढत नव्हती. तो काही गमतीचं बोलला तर हसत होती, पण आवाज न करता. माझा हात भरून आला होता, आणि मला तीन वेळा खोकला आला. तिन्ही वेळा मी तो दाबला.

मग तिने कागद घडी करून ठेवून दिला आणि विचारलं, “भोंगा वाचला, तेव्हा काय दिसलं तुम्हाला?”

आत कुकरची शिट्टी झाली. गल्लीतून भाजीवाला गेला, “मटर ले लो” करत पार टोकापर्यंत, आणि परत आला. मला उत्तर माहीत होतं. त्याला मी दिसलो असणार. मंचावर शेजारीच तर होतो! मी ते सांगून त्याची सुटका करणार होतो, खरंच, तोंड उघडलंही होतं. लेकीने माझ्याकडे न बघता एक बोट वर केलं. मी तोंड मिटलं.

“पप्पाचा ऑटो,” तो म्हणाला.

“पप्पा अनाउंसमेंट करायचे. ऑटोवर दोन भोंगे बांधून. मुलगा हरवला, उद्या नळ येणार नाही, साड्यांचा सेल, जयंतीची मिरवणूक. पूर्ण जबलपूर ऐकायचं त्यांना. दिवसभर दुसऱ्याचं बोलायचे. अन् घरी आले की आवाजच नाही राहायचा. एक शब्द नाही. जेवताना पोळी पाहिजे तर ताटावर दोन बोटं वाजवायचे. टक-टक. बस झालं तर एकदा. मी लहानपणी तेवढंच ऐकलं त्यांचं. माझा ताल तोच आहे. ती पोरं खुर्चीवर वाजवतात न, मी शिकवलं त्यांना. कुठून आलं ते कोणाला सांगितलं नाही.”

तो नखं बघत बसला.

“पुढच्या चार ओळी तिकडंच जाऊन राहिल्या होत्या, दीदी. शब्द गेले. पण जाऊन तिकडंच राहिल्या होत्या.”

मला मंचावरचं ते आठवलं. ‘पप्पा बोलाचं काम—’ असं तो सांगत होता, आणि मी त्याचे वक्ते करून टाकले होते. मुलगा एकाच संध्याकाळी दोनदा आपल्या बापापर्यंत पोचत आला होता, आणि दोन्ही वेळा मी मध्ये उभा होतो. एकदा तर अक्षरशः उभा.

लेकीने ‘थँक यू’ म्हटलं नाही, की वा म्हटलं नाही. फार हळू आवाजात विचारलं, “त्यांना सांगितलं होतं कधी हे?”

“आत्ता सांगितलं न,” तो म्हणाला.

कोणीच खिडकीकडे बघितलं नाही. मग तिकडून आवाज आला. दिवाणावर पोह्यांची रिकामी प्लेट होती, तिच्यावर दोन बोटं वाजली. टक-टक.

“आले, आले,” म्हणत त्याची आई आतून पोह्यांचं पातेलं घेऊन आली. तिला काहीच माहीत नव्हतं. ती वाढता वाढता म्हणाली, “काहून हसून राहिले सगळे? अन् तू काहून रडून राहिली बाई?” लेक ओढणीने डोळे पुसत होती आणि हसतही होती. तिने माझ्याकडे बघितलं. आठ दिवसांत पहिल्यांदा त्या बघण्यात दूध, गॅस, चष्मा यांपैकी काही नव्हतं.

“झालं,” ती म्हणाली, आणि माझ्या हातातून फोन घेऊन तिने तो बंद केला.

मी मोकळा झालो. तासभर धरणात पाणी साचलं होतं, त्याचे सगळे दरवाजे एकदम उघडले. अशा प्रसंगी आभार मानणं मला कर्तव्य वाटतं. मी उभा राहिलो. पाहुण्याचे आभार मानले, त्याच्या मातोश्रींचे मानले, पोह्यांचे मानले. मग आवाज आणि मौन यांचं नातं थोडं उलगडून दाखवलं. वन्स मोअरबद्दल जाहीर क्षमा मागितली, ती मागताना प्रथेचा उगम सांगितला. दिवाणाकडे वळून, ज्यांच्या कंठातून हे शहर बोलत होतं त्या साधकाला वंदन केलं. लेक चपला घालून दारात उभी राहिली होती. त्याची आई पातेलं तसंच धरून उभी. पोहे निवले.

वडिलांनी शेवटचा घास संपवला. प्लेट खाली ठेवली. मफलर जरा सैल केला आणि, आम्ही त्या घरात शिरल्यापासून पहिल्यांदाच, बोलायला तोंड उघडलं. आवाज अजून असा होता की गल्लीच्या टोकाला ऐकू गेला असेल.

“भाऊ, मी बोलाचे पैसे घेत होतो. तुम्ही फुकटात काहून बोलून राहिले?”